लॉख कॅट्रिनची सायकलफेरी: ॲबरफॉइलपासून ॲबरफॉइलपर्यंत, टप्प्याटप्प्याने

स्कॉटलंडमध्ये फिरायला येणारे आणि इथे नव्याने स्थायिक झालेले मराठी सायकलस्वार मला गेली काही वर्षे एकच प्रश्न विचारत आले आहेत: "पन्नास किलोमीटरच तर आहे, त्याला एवढी तयारी कशाला?" प्रश्न समजण्यासारखा आहे, कारण सिंहगडाचा घाट चढून न्याहारीपर्यंत घरी परतणाऱ्याला पन्नास किलोमीटरचे काही वाटत नाही. पण त्याच पन्नास किलोमीटरमध्ये इथे चांगली कसलेली माणसे गारठून आणि उपाशीपोटी अडकलेली मी पाहिली आहेत. इथली अडचण अंतराची नसते. वारा, रस्त्याचा पृष्ठभाग, मध्येच परत फिरायला वाट नसणे आणि दुपारी लवकर बंद होणारी उपाहारगृहे या चार गोष्टींनी दिवस बिघडतो, आणि या चारही गोष्टी घरी बसून आधी पाहता येतात.

म्हणून मी एकच ठरावीक फेरी घेऊन तिची आखणी क्रमाने मांडतो आहे. ग्लासगोच्या उत्तरेला ट्रॉसॅख्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे आणि ॲबरफॉइल हे त्यातले एक गाव. तेथून ड्यूक्स पास ही खिंड ओलांडून लॉख कॅट्रिनच्या पूर्व टोकावरील ट्रॉसॅख्स पिअर या धक्क्यापर्यंत सुमारे ११ किलोमीटर होतात. पुढे उत्तर काठाने सरोवराला वळसा घालून स्ट्रोनाख्लाखरपर्यंत सुमारे २१ किलोमीटर, आणि तेथून बी ८२९ या रस्त्याने लॉख कॉन व लॉख आर्ड यांच्या कडेने ॲबरफॉइलला परत येण्यासाठी सुमारे १९ किलोमीटर लागतात. लॉख म्हणजे सरोवर, आणि या शब्दातला शेवटचा ख घशातून काढायचा. एकूण फेरी ५० किलोमीटरच्या थोडी पुढे जाते, त्यात मोठी चढण एकच आहे आणि संपूर्ण रस्ता डांबरी आहे. या भागातली पहिली फेरी म्हणून मला हिच्याइतकी योग्य दुसरी वाटत नाही. बेअलाख ना बा या खिंडीची छायाचित्रे पाहून पुष्कळांना आधी तिकडे जावेसे वाटते. ती खिंड जवळजवळ समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरपर्यंत चढते आणि काही ठिकाणी तिचा चढ वीस टक्क्यांच्या घरात जातो. तिचा बेत ही फेरी दोनदा नीट पार पडल्यावर करावा.

## १. मार्ग आखणे: आधी पृष्ठभाग, मग अंतर

सर्वात जास्त चुका याच टप्प्यावर होतात. फोनमधल्या नकाशावर सायकलचे चिन्ह दाबले की ते ॲप मोटारींचा रस्ता टाळून राष्ट्रीय सायकल मार्ग सुचवते. ग्लासगोहून इन्व्हरनेसला जाणारा राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ७ ॲबरफॉइलमधूनच जातो, आणि ॲबरफॉइल ते कॅलँडर या भागात तो जंगलातल्या खडीच्या वाटांवरून आणि लॉख व्हेनाखरच्या दक्षिण काठाने नेला आहे. वाट सुंदर आहे, पण ती रुंद टायरसाठी आहे. नावातल्या "राष्ट्रीय" या शब्दावरून तो डांबरी असेल असे गृहीत धरू नये. माझ्या इथल्या पहिल्या वर्षी मी पंचवीस मिलिमीटरचे टायर घेऊन याच वाटेला लागलो. तासाभराने मागच्या टायरची बाजू एका धारदार दगडाने कापली गेली आणि उरलेली वाट मी सायकल हाती धरून, बुटांखालच्या लोखंडी पट्ट्या दगडांवर घसरवत चाललो. त्या दिवसापासून मी ॲपने काढून दिलेली रेषा कागदी नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या लँडरेंजर मालिकेतील पत्रक क्रमांक ५७ आणि (पश्चिमेकडच्या भागासाठी) ५६ मिळून या फेरीचा नकाशा होतो. त्याचे प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तो टेबलावर पसरावा आणि मार्गावरून बोट फिरवत तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रस्त्याचा रंग आणि क्रमांक. ए वर्गाचे रस्ते मोठे असतात, बी वर्गाचे त्याहून लहान, आणि त्याखाली क्रमांक नसलेले गावरस्ते येतात. परंतु वर्गावरून वर्दळ कळत नाही. ड्यूक्स पासचा रस्ता ए ८२१ आहे आणि सकाळी तो शांत असतो. लॉख लोमंडच्या पश्चिम काठाचा ए ८२ मात्र अवजड वाहनांनी दिवसभर भरलेला असतो आणि त्यावर सायकल घालू नये. तिकडे जायचेच असेल तर टार्बेट आणि बॅलॉख यांच्या दरम्यान वेगळा सायकलमार्ग आहे, तो धरावा.

दुसरी, समोच्चरेषा आणि बाण. समोच्चरेषा दहा मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. त्या रस्त्याला आडव्या छेदत जवळजवळ आल्या की तेथे चढ आहे असे समजावे. रस्त्यावर एक बाण असेल तर चढ सातास एक ते पाचास एक या प्रमाणात असतो, आणि दोन बाण असतील तर त्याहूनही तीव्र. बाणाचे टोक उताराकडे असते. हे उलटे वाचून चढाला उतार समजलेले लोक मला भेटले आहेत.

तिसरी, रस्ता कुठे संपतो. लॉख लोमंडच्या पूर्व काठाने सलग रस्ता असेल अशी समजूत सर्रास आढळते, पण तसा रस्ता नाही. दक्षिणेकडून येणारा रस्ता रोवरडेननला संपतो आणि आपल्या मार्गावरून फुटणारा दुसरा इन्व्हरस्नेडला संपतो. मधली वाट पायी चालणाऱ्यांची आहे आणि तेथे रोड सायकल खांद्यावर घेऊनही चालणे अवघड जाते.

तपासा: आखलेल्या रेषेवर तुटक काठाचा पांढरा रस्ता किंवा ठिपक्यांची वाट कुठे येते का? येत असेल तर तेथे डांबर आहे का हे आधी पडताळावे; नसेल तर ती रेषा रोड सायकलसाठी नाही.

तपासा: रस्त्यावरच्या पाट्या मैलांत असतात. पाटीवरच्या ११ चा अर्थ जवळजवळ १८ किलोमीटर होतो. सायकलवरचे यंत्र किलोमीटर दाखवत असेल तर मार्गाचे टप्पे किलोमीटरमध्ये लिहून कागद हँडलजवळ चिकटवावा.

## २. दिवस निवडणे: उजेड, वारा आणि चिलटे

एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनची सुरुवात आणि नंतर सप्टेंबर हे दिवस मला सर्वात योग्य वाटतात. जूनच्या अखेरीस ग्लासगोकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी घात होत नाही. डिसेंबरमध्ये पावणेचारला सूर्य मावळतो आणि खिंडीत बर्फाचा पातळ थर असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही फेरी मी कोणालाच सुचवत नाही.

पाऊस पाहून बेत रद्द करणारे पुष्कळ असतात, वारा पाहून करणारे थोडे. हे नेमके उलटे हवे. इथला पाऊस बहुधा येतो-जातो आणि चांगल्या कोटाने निभावतो. वाऱ्यापासून मात्र सुटका नसते. हा वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो. लॉख कॅट्रिन साधारण पश्चिम-पूर्व पसरले आहे आणि दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे वारा त्या दरीतून नळीतून यावा तसा सरळ येतो. मी फेरीची दिशा याच कारणाने ठरवली आहे. आधी ड्यूक्स पास, मग सरोवराच्या काठाने पश्चिमेकडे, म्हणजे समोरचा वारा पायांत जोर असताना झेलायचा. आणि परतताना बी ८२९ वर तोच वारा पाठीशी घ्यायचा. नकाशावर दोन्ही दिशा सारख्याच दिसतात, पण उलट दिशेने गेल्यास सकाळी पाठच्या वाऱ्याने वेग वाढतो, आपण फार चांगले चालवत आहोत असा भास होतो, आणि दमल्यावर शेवटी ड्यूक्स पासची चढण समोर उभी राहते.

ब्रिटिश हवामान कार्यालयाचा (मेट ऑफिसचा) अंदाज आदल्या रात्री आणि निघण्याच्या सकाळी असा दोनदा पाहावा. त्यात वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोताचा वेग वेगवेगळा दिलेला असतो, तोही बहुधा ताशी मैलांत. सरासरी वेग पाहून समाधान मानू नये, कारण माणूस पाडतो तो झोत. झोत ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरच्या वर जाणार असतील तर मी फेरी पुढे ढकलतो. वाऱ्याचा अंदाज पूर्वेचा असेल तर मात्र फेरीची दिशा उलटी करण्याचा विचार करावा.

उरली चिलटे. मिज नावाची टाचणीच्या टोकाएवढी ही माशी मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असते आणि जून ते ऑगस्ट तिचा जोर असतो. वारा पडला, ढग आले आणि हवा दमट झाली की पाण्याजवळ तिचे थवे उठतात. चालत्या सायकलला तिचा उपद्रव नसतो. पंक्चर काढायला थांबलेल्याला मात्र ती पाच मिनिटेही बसू देत नाही. जाळीची बारीक टोपी मुठीत मावते, ती खिशात ठेवावी.

इशारा: सकाळी शांत आणि ढगाळ हवा पाहून "आज उत्तम दिवस" असे ठरवू नये. जुलैत तीच चिलटांची हवा असते.

## ३. सायकल तयार करणे

ही तयारी आदल्या रात्री नाही तर दोन दिवस आधी करावी, म्हणजे एखादा भाग बदलायचा असल्यास दुकान उघडे सापडते.

टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे घ्यावेत. डांबर खडबडीत आहे, ओल्या रस्त्यावर बारीक खडी आणि धारदार दगडांचे तुकडे असतात, आणि दाबून हवा भरलेला अरुंद टायर त्यावर उड्या मारतो. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. गिअरच्या बाबतीत मान आड येऊ देऊ नये: पुढे ३४ दात आणि मागे ३२ किंवा ३४ दातांची चकती असावी. घाटात मोठ्या गिअरवर उभे राहून चढण्याची सवय असणाऱ्यांनीही ओल्या चढावर ती टाळावी, कारण उभे राहिल्यावर वजन पुढे जाते आणि मागचे चाक घसरते.

ब्रेकचे पॅड काढून पाहावेत. पावसात रस्त्यावरची रेती पॅडमध्ये अडकते आणि एका ओल्या दिवसात ते कोरड्या महिन्याएवढे झिजतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिल्या क्षणाला काहीच होत नाही, पाणी पुसले गेल्यावर मगच पकड येते. हा उशीर एकदा सपाट रस्त्यावर अनुभवून ठेवावा, वळणावर प्रथम कळू नये.

मागचा लाल दिवा भरदिवसाही चालू असावा. झाडांच्या बोगद्यातून जाणाऱ्या रस्त्यावर उन्हातून सावलीत शिरणाऱ्या मोटारचालकाला काळे कपडे दिसत नाहीत. रात्री पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि मागे लाल परावर्तक कायद्यानेच आवश्यक आहे. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण ते घालावे. मडगार्ड लावता येत असतील तर अवश्य लावावेत. पाठीवर उडणारे थंड पाणी पावसाहून जास्त गारठवते.

सोबत दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा, चेनचा जोड आणि टायरच्या कापलेल्या बाजूला आतून लावण्यासाठी जुन्या टायरचा एक तुकडा घ्यावा. वाटेत सायकलचे दुकान मिळेल असे धरून चालू नये.

## ४. कपडे आणि खाणे

कपड्यांचा नियम साधा आहे: निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. चढावर अंग तापते, घाम येतो, आणि उतारावर तोच घाम शत्रू होतो. म्हणून एक जाड कपडा घेण्याऐवजी आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर पूर्ण बाह्यांची जर्सी, आणि खिशात घडी करून मावणारा जलरोधक कोट असे तीन थर ठेवावेत. सुती बनियन नको. ते एकदा भिजले की दिवसभर ओले राहते. पूर्ण बोटांचे हातमोजे मे महिन्यातही लागतात.

पुण्याहून आलेला माझा एक मित्र एप्रिलमध्ये अर्ध्या बाह्यांत ड्यूक्स पासच्या माथ्यावर माझ्या आधी पोहोचला होता. घाट चढण्यात तो माझ्यापेक्षा सरस, याबद्दल मला शंका नव्हती. उतारावर पहिल्या दोन वळणांनंतर तो बाजूला थांबलेला दिसला. त्याची बोटे पांढरी पडली होती आणि ब्रेकचा दांडा ओढता येईना, म्हणून त्याने सायकल गवतात घातली होती. आम्ही त्याचे हात काखेत धरून वीस मिनिटे उभे राहिलो. तेव्हापासून कोट चढवायची माझी जागा ठरलेली आहे: माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, अंग गरम असतानाच.

पाण्याच्या दोन बाटल्या ॲबरफॉइलमध्ये भरून घ्याव्यात. नळाचे पाणी निर्धोक असते. थंडीत तहान जाणवत नाही म्हणून लोक पिणे विसरतात आणि दुपारी डोके दुखू लागते. दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. ट्रॉसॅख्स पिअर आणि स्ट्रोनाख्लाखर येथे खाण्याची सोय आहे, परंतु तिच्या वेळा हंगामानुसार बदलतात आणि ती दुपारीच बंद होते, म्हणून पूर्ण फेरी पुरेल एवढे खाणे स्वतःजवळ असावे आणि उपाहारगृह ही वरकमाई समजावी. शेंगदाण्याचा लाडू पौष्टिक खरा, पण हातमोजा घालून धरला की त्याचा भुगा होतो. तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी कागदात बांधून पाठच्या खिशात ठेवली तर एका हाताने खाता येते.

तपासा: उपाहारगृहाच्या आणि बोटीच्या त्या दिवसाच्या वेळा कागदावर लिहिल्या आहेत का? सरोवराकाठी फोनला बराच वेळ संपर्क मिळत नाही. नकाशाही आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

## ५. सुरुवातीच्या जागी पोहोचणे

ॲबरफॉइलला रेल्वे नाही. जवळची स्थानके बॅलॉख आणि स्टर्लिंग. दोन्हीकडून सायकलने एका बाजूचे अंतर साधारण ३० किलोमीटर धरावे. म्हणजे रेल्वेने येऊन तेथून सायकल चालवायची ठरवली तर ५० ची फेरी ११० ची होते, आणि नेमकी हीच बेरीज लोक विसरतात. पहिल्या वेळी मोटारीने ॲबरफॉइल गाठावे. रेल्वेने येणार असाल तर सायकलचे भाडे पडत नाही, पण गाडीतल्या जागा मोजक्या असतात आणि लांब पल्ल्याच्या काही गाड्यांत सायकलसाठी आरक्षण करावे लागते.

सकाळी नऊच्या आत निघावे. मध्यम वेगाने, थांबे धरून, फेरीला पाच तास लागतात असे गृहीत धरावे.

## ६. ड्यूक्स पास ओलांडणे

गावातून बाहेर पडताच चढ सुरू होतो आणि सुरुवातीचाच भाग सर्वात तीव्र आहे. अंग तापलेले नसताना तो येतो, म्हणून आधी गावातल्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटे सायकल फिरवून मग चढाला लागावे. माथा सुमारे २४० मीटर उंचीवर आहे आणि गाव जवळजवळ तळाशी, तेव्हा दोनशे मीटरहून थोडी अधिक चढण होते. सिंहगडाच्या तुलनेत ही छोटी वाटेल, पण तिचा चढ एकसारखा नाही. मध्ये सपाटी येते, आता संपला असे वाटते आणि वळणापलीकडे तो पुन्हा उभा राहतो. बसूनच चढावे आणि एवढाच जोर लावावा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल.

उतार मात्र चढापेक्षा जास्त सावधपणे घ्यावा. वळणे आंधळी आहेत, झाडांखाली डांबर दुपारपर्यंत ओले असते आणि ओली पाने साबणासारखी घसरतात. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. समोरच्या मोटारीसाठी ताशी ६० मैलांची मर्यादा कायदेशीर असू शकते. काळी तिरकी रेघ असलेली पांढरी गोल पाटी हेच सांगते, "वेगमर्यादा नाही" असे नव्हे. वाहतूक आपल्याप्रमाणेच डावीकडून चालते, ही एक गोष्ट तरी नव्याने शिकावी लागत नाही.

खाली लॉख अख्रे लागते आणि तेथे डावीकडे ट्रॉसॅख्स पिअरचा फाटा फुटतो. लक्ष नसले तर माणूस ए ८२१ वरच राहून ब्रिग ओ'टर्कमार्गे कॅलँडरच्या दिशेला लागतो.

निर्णयाची जागा: ट्रॉसॅख्स पिअरला पोहोचल्यावर घड्याळ पाहावे. पुढे सरोवराच्या काठाने सोडवाट नाही. निम्म्यावर दमलात तर पुढे जाणे आणि मागे येणे सारखेच लांब पडते. दुपारचा एक वाजून गेला असेल, कोणी थरथरत असेल किंवा वाऱ्याने पाण्यावर पांढरा फेस उठला असेल, तर आल्या वाटेने ड्यूक्स पासवरून परतावे. हंगामात येथून स्ट्रोनाख्लाखरला बोट जाते आणि तीत सायकल नेता येते, पण जागा आधी राखावी लागते.

## ७. लॉख कॅट्रिनचा उत्तर काठ

हा या फेरीचा गाभा आहे. धक्क्याच्या पुढे फाटक ओलांडले की सर्वसामान्य मोटारींना बंदी असलेला डांबरी रस्ता सुरू होतो. ग्लासगो शहराला १८५९ पासून याच सरोवराचे पाणी जाते आणि रस्ता पाणीपुरवठ्याच्या कामासाठी राखलेला आहे. मोटारी नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात आणि इथेच पडतात, म्हणून पुढील गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

तेथे राहणाऱ्यांची आणि देखभालीची वाहने येतात, आणि ती क्वचित येतात म्हणूनच अचानक येतात. सुट्टीच्या दिवशी पहिल्या काही किलोमीटरमध्ये पायी फिरणारी कुटुंबे, लहान मुले आणि भाड्याच्या सायकलींवर प्रथमच बसलेली माणसे असतात. दुरूनच घंटी वाजवावी किंवा आवाज द्यावा आणि जवळून जाताना वेग चालण्याइतका करावा.

काठाचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही दुसरी गैरसमजूत. तो पाण्याला धरून राहत नाही. दर काही मिनिटांनी एखाद्या टेकाडावर चढतो आणि खाली येतो. एकेक चढ लहान असला तरी त्यांची बेरीज ड्यूक्स पासएवढा थकवा देते. उताराच्या जोरावर पुढचा चढ घ्यायचा मोह होतो, पण खोलगटात बहुधा ओली खडी किंवा मेंढी असते. मेंढ्या डांबराच्या उबेला रस्त्यावरच बसतात. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि तिचे कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर थांबावे. कोकरू हमखास आईकडे धाव घेते, तेही शेवटच्या क्षणी.

कॅटल ग्रिड वाटेत अनेकदा लागतात. गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात खड्डा करून त्यावर लोखंडी नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. त्या ओलांडण्याची पद्धत अशी: दहा मीटर आधीच वेग मध्यम करावा, हँडल अगदी सरळ धरावे, पायडल समपातळीत आणून बूड किंचित उचलावे आणि ब्रेक न दाबता, पायडल न मारता चाक सरळ जाऊ द्यावे. तिरके जाणे आणि नळ्यांवर ब्रेक दाबणे या दोन चुकांनी चाक क्षणात निसटते. पाऊस पडत असेल आणि मनात जराही शंका असेल, तर बाजूच्या लहान फाटकातून सायकल चालवत न नेता हाताने न्यावी. ग्रिड बहुधा उताराच्या तळाशी असते, म्हणून पाटी दिसताच ब्रेक घ्यावा, नळ्या दिसल्यावर नव्हे.

पोर्टनेलनजवळ पाण्यात पुढे आलेल्या एका छोट्या बांधावर मॅकग्रेगर घराण्याची दगडी भिंतीची दफनभूमी आहे. थांबण्यासाठी ती जागा चांगली आहे: वारा अडतो, पुढचा पल्ला नजरेत येतो आणि निम्मे अंतर झाल्याचे कळते. येथे भूक नसली तरी खावे. भूक लागेपर्यंत थांबलेला माणूस पुढच्या पाच किलोमीटरमध्ये गळून जातो. पुढे ग्लेनगाइलला सरोवराचे टोक येते, रस्ता दक्षिणेकडे वळतो आणि काही किलोमीटरवर स्ट्रोनाख्लाखर लागते.

इशारा: हे पिण्याचे पाणी आहे. काठावर कचरा, खाण्याचे कागद किंवा बदललेली ट्यूब टाकू नये.

तपासा: स्ट्रोनाख्लाखरला ब्रेक दाबून पाहावेत. दांडा हँडलला टेकत असेल तर तार येथेच ओढून घ्यावी. यानंतर मोटारींचा रस्ता आहे.

## ८. बी ८२९ ने परत

स्ट्रोनाख्लाखरहून थोडे चढून गेल्यावर लॉख आर्कलेटपाशी तिठा लागतो. डावीकडचा रस्ता ॲबरफॉइलचा. उजवीकडचा इन्व्हरस्नेडला लॉख लोमंडच्या काठावर उतरतो. तो उतार तीव्र आहे आणि तोच परत चढून यावा लागतो. पाठच्या वाऱ्यामुळे उमेद आलेली असते आणि "एवढ्या जवळ आलोच आहोत तर" असे वाटते. पहिल्या फेरीत ते टाळावे.

हा रस्ता बराचसा एकपदरी आहे. समोरून वाहन आले तर बाजूला रुंद केलेल्या जागा, ज्यांना येथे पासिंग प्लेस म्हणतात, त्यांचा उपयोग करावा. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तीत शिरावे; उजव्या हाताला असेल तर आपण डावीकडेच तिच्यासमोर थांबावे आणि समोरच्याला तीत वळू द्यावे. रस्ता ओलांडून उजवीकडच्या जागेत शिरणे ही हमखास आढळणारी चूक आहे. मागून येणाऱ्या वाहनालाही पुढची जागा येताच वाट द्यावी. दोन जागांच्या मध्ये मात्र गवताच्या कडेला चिकटून चालू नये, रस्त्याच्या मध्याजवळ राहावे, म्हणजे मागच्याला जागा नसताना पुढे घुसण्याचा मोह होत नाही. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक या भागात असतात. त्यांचा आवाज आला की सरळ उतरून बाजूला उभे राहावे.

लॉख कॉननंतर किनलोखार्डपर्यंत एकूण उतार आहे आणि लॉख आर्डच्या काठाने पुन्हा लहान लहान चढ-उतार येतात. बहुतेक अपघात याच शेवटच्या आठ-दहा किलोमीटरमध्ये होताना मी पाहिले आहेत, कारण गाव जवळ आले असे मन सांगत असते आणि हात-पाय थकलेले असतात. किनलोखार्डला पाच मिनिटे थांबून उरलेली पोळी संपवावी आणि पुढचा दिवाही लावावा.

आणीबाणी: ९९९ किंवा ११२ लावावा. आपल्या फोनच्या कंपनीचा संपर्क नसला तरी दुसऱ्या जाळ्यावरून हा कॉल लागू शकतो. निघण्याआधी घरी कोणाला तरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवावी.

## ९. परतल्यावर, त्याच दिवशी

ओले कपडे मोटार सुरू करण्याआधी बदलावेत; त्यासाठी कोरडे मोजे आणि एक जाड स्वेटर सकाळीच गाडीत ठेवलेले असावे. सायकलवर साध्या पाण्याची बादली ओतून चेन पुसावी आणि तेल द्यावे. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी कड्यांवर तांबडा गंज दिसतो.

गवतात थांबला असाल, बसला असाल, तर गोचिडीसाठी अंग तपासावे: गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत आणि केसांच्या कडेला. इथल्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होऊ शकतो आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी लहान असू शकते, म्हणून नुसत्या नजरेवर न जाता बोटाने चाचपावे. सापडल्यास टोकदार चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ वर ओढावे. तेल लावू नये, जाळू नये, पोट दाबू नये. चावल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि पुढील महिनाभरात त्या जागी पसरत जाणारा लाल डाग दिसला किंवा अंगात कणकण आली तर डॉक्टरांना ती तारीख सांगून दाखवावे.